चेरोकी शेतकरी पूर्वजाचं घराणं आणि त्याची जमीन कागदांतून कशी शोधायची?
पूर्वज ओक्लाहोमातला असेल तर डॉज यादीपासून (Dawes Rolls: चेरोकींसह पाच मूळनिवासी अमेरिकी जमातींच्या सदस्यांची सरकारी नोंद) सुरुवात करा. नाव सापडलं की यादी क्रमांकावर थांबू नका. कुटुंबाच्या नोंदणी कार्डाचा क्रमांक वेगळा असतो, इथेच गल्लत होते. खरा ऐवज कार्डावर असतो: घरातली माणसं, नाती, वयं, आईवडिलांची नावं, चेरोकींच्या १८८० च्या जुन्या यादीचा संदर्भ. त्यावरून अर्जाची फाईल मागवा, तिच्यात जबाब मिळतात. आजी-आजोबांसाठी गियॉन मिलर अर्ज (Guion Miller: चेरोकींनी सरकारी भरपाईसाठी केलेले अर्ज) पाहा, त्याआधीचं १८५१ च्या ड्रेनन यादीत (Drennen Roll: पश्चिमेकडे हलवलेल्या चेरोकींची यादी).

चेरोकींच्या गुलामगिरीतून सुटलेल्यांची (Freedmen) यादी वेगळी. आई किंवा वडील चेरोकी असले तरी तिथे रक्ताचं प्रमाण (चेरोकी वंशाचा हिस्सा) लिहिलेलं नाही. हा अन्यायच होता, त्यामुळे ती यादीही जरूर तपासा.

जमिनीसाठी वाटपाची (allotment) फाईल लागते, म्हणजे जमातीची सामाईक जमीन सदस्यांत वाटली त्याची. १९०२ च्या करारानुसार प्रत्येकाला सरासरी प्रतीच्या ११० एकरांच्या किमतीएवढी जमीन मिळाली, त्यातली ४० एकरांच्या किमतीएवढी राहत्या घराची म्हणून राखीव. म्हणून सुपीक जमीन एकरांत कमी भरे, खडकाळ जास्त. १९०८ च्या कायद्यानं अनेकांच्या जमिनींवरची विक्रीबंदी उठली, तेव्हा त्यानंतरची काउंटीतली खरेदीखतं चाळा.