वाचकांचे प्रश्न : चित्रावरची चमक, परिचयातली विशेषणं

प्रश्न : सुरसागर तलावाचं माझं तैलचित्र वेबसाइटवर द्यायचं आहे. आकार २४ × ३६ इंच, आडवं. मोबाइलने पंचवीसेक फोटो काढले. कुठे पाण्यावर पांढरी चमक, कुठे पिवळट छटा, आणि कडा बाहेर फुगलेल्या. परिचयही मागितलाय, त्यात काय लिहू?
— एक वाचक, दांडिया बाजार, बडोदे

उत्तर : तीन दोष, तीन कारणं. कडा फुगतात त्या वाइड लेन्सने जवळून काढल्यामुळे. पाच-सहा फूट मागे सरका आणि २× झूम लावा. लेन्स चित्राच्या मध्याच्या उंचीवर हवी. चित्र भिंतीला तिरकं टेकवलं असेल तर फोनही तेवढाच कलवा, नाहीतर वरची कड अरुंद येते.

पिवळेपणा दिव्यांचा. खिडकीचा उजेड आणि बल्ब एकत्र आले की एक बाजू सुधारताना दुसरी निळी पडते. म्हणून दिवे सगळे बंद. उत्तरेची खिडकी सर्वांत चांगली. पण समोरच्या घराची भिंत केशरी असेल तर तो केशरीपणाही तुमच्या तलावात उतरतो, तेव्हा आधी बाहेर डोकावून बघा. पहिल्या फोटोत चित्राशेजारी साधा पांढरा कागद धरा, म्हणजे नंतर रंग त्यावरून जुळवता येतात.

चमकेचं म्हणाल तर वॉर्निश केलेलं तैलचित्र अर्धा आरसाच असतं. उजेड तुमच्या पाठीमागून आला की तो थेट लेन्सकडे परततो. खिडकी बाजूला, साधारण ४५ अंशांत ठेवा. दुसरी बाजू अंधारेल, तिथे थर्मोकोलचा पांढरा शीट उभा करा. एवढं करूनही मधोमध फिकट डाग दिसला तर तो बहुधा तुमच्या पांढऱ्या सदऱ्याचा! रंग सुरीने जाड लावला असेल, तर चित्राची वरची कड खिडकीकडे येईल असं ते उभं करा आणि फोटो मागाहून फिरवा. मग रंगाच्या थरांच्या सावल्या खाली पडतात, वरून उजेड पडलेल्या चित्रात पडतात तशाच.

मूळ फाइलला हात लावू नका. कॉपी करून लांब बाजू २००० पिक्सेल ठेवा, रंग एसआरजीबीत (sRGB, वेबसाइटवर नेहमी वापरतात ती रंगपद्धत), फाइल जेपीईजी. व्हॉट्सॲपवर पाठवताना ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. फोटो म्हणून पाठवलात तर कॅनव्हासचा पोत पुसला जातो.

परिचय शंभर-सव्वाशे शब्दांचा पुरे. ‘लहानपणापासून चित्रकलेची आवड’ हे वाक्य काढाच, ते सगळ्यांच्याच परिचयात असतं. ‘रंगांशी संवाद साधणारे संवेदनशील चित्रकार’ याऐवजी ‘बडोद्यातले तलाव आणि जुन्या लाकडी घरांचे दर्शनी भाग तैलरंगात रंगवतात’ असं लिहा, म्हणजे वाचणाऱ्याला काहीतरी दिसतं. ‘फाइन आर्ट्सला होतो’ हे बडोद्यात चालतं, बाहेरच्यासाठी ‘महाराजा सयाजीराव विद्यापीठ, बडोदे’ असं पूर्ण नाव, अभ्यासक्रम आणि वर्ष द्या. उन्हाळी वर्ग केला असेल तर उन्हाळी वर्गच लिहा. प्रदर्शनं वर्षासकट, अलीकडचं आधी.

चित्राखाली नाव, वर्ष, माध्यम, आकार. आकारात उंची आधी, मग रुंदी. तुमचं चित्र २४ × ३६ हे बरोबर आहे. ३६ × २४ छापलं तर घेणारा उभ्या चित्राची जागा मोजून बसेल.