लेक दिवसभर तेच पुस्तक वाचते

प्रश्न: ताई, आम्ही इंदूरला रामबागेत राहतो, मुलगी नववीत. वर्गातल्या पोरी तिच्या हिंदीवरून चिडवतात, व्हॉट्सॲप ग्रुपमधूनही काढलं. ती 'वंडर' ही कादंबरी घेऊन बसते, असलं वाचून अजून उदास नाही ना होणार?

उत्तर: वाचू द्या हो! 2012 चं पुस्तक आहे, त्यातला ऑगी, चेहरा वेगळा म्हणून शाळेत त्रास सोसणारा मुलगा, पाचवीतला म्हणजे लेकीपेक्षा लहानच, पण मला त्यातला जॅक जास्त महत्त्वाचा वाटतो, मित्र असूनही बाकीच्या पोरांसमोर ऑगीबद्दल वाईट बोलतो आणि मग पस्तावतो. "तुझ्या वर्गात जॅक कोण गं?" एवढंच विचारा, लेक्चर नको. आणि मेसेजचे स्क्रीनशॉट घेऊन क्लास टीचरला भेटाच, ते काम पुस्तक नाही करणार. मुलांसाठीच्या चाइल्ड हेल्पलाइनचा 1098 नंबर पण तिला देऊन ठेवा, फ्री आहे.