लिंक पडली की मॉडेमवरून अलार्म येत नाही, एनएमएसमधे काय चुकलंय?

तुम्ही लिहिलंय की कंट्रोल रूम लातूरला, साइट अंबाजोगाई-परळीकडं, एनएमएसवर (नेटवर्कवर नजर ठेवणारं सॉफ्टवेअर) नोड, म्हणजे साइटवरची उपकरणं, सगळे हिरवे दिसायलेत, पण लिंक पडली की साइटवरचं सिमवालं बॅकअप मॉडेम गप्प. भाऊ, हे मी स्वतः भोगलंय म्हणून सांगायलो.

आधी नोडचं. पिंग आला म्हणून हिरवं झालं, एवढ्यावर खूश होऊ नका, पिंग म्हणजे डबा (साइटवरून अलार्म पाठवणारं यंत्र) जिवंत आहे एवढंच. बॅटरी उतरली, दरवाजा उघडा हे कळायला एसएनएमपी (उपकरणाची माहिती विचारायची-कळवायची पद्धत) लागतं. सॉफ्टवेअर विचारतं यूडीपी (पोच न घेता पाठवायची पद्धत) पोर्ट १६१ वर आणि डबा आपणहून ट्रॅप, म्हणजे अलार्मचा मेसेज, टाकतो १६२ वर, फायरवॉलवाले पहिला उघडतात अन् दुसरा हमखास विसरतात. परळी अंबाजोगाईवरून येत असेल तर सॉफ्टवेअरमधे अंबाजोगाईला पॅरेंट करा, म्हणजे ती पडली की परळीचे वेगळे अलार्म येत नाहीत, नाहीतर एक लिंक पडली की मोबाईलवर मेसेजचा पाऊस.

आता तुमचं खरं दुखणं. अलार्म पाठवायचा पहिला पाथ (रस्ता) लॅन, दुसरा मॉडेम असं लावलंय ना? पण ट्रॅप यूडीपीवर जातो, पोचला का नाही ते डब्याला कळतच नाही. लिंक पुढं कुठंतरी तुटली तरी इथला पोर्ट चालूच असतो, डब्याला वाटतं पाठवलं, मग तो मॉडेमकडं कशाला जाईल? म्हणून ट्रॅपऐवजी इन्फॉर्म लावा, त्याला पोच यावी लागते. ती सोय नसेल तर डब्याला सर्व्हरचा आयपी पिंग करायला सांगा, पिंगला उत्तर येणं थांबलं की मॉडेम.

मॉडेम लॅपटॉपला जोडून बघा. एटी ही कमांड टाकल्यावर ओके यायला पाहिजे, मग एटी+सीएसक्यू (सिग्नल किती ते सांगणारी कमांड), आकडा ० ते ३१ मधे येतो, ९९ आला तर सिग्नल कळतच नाहीये, अँटेना पत्र्याच्या शेल्टरबाहेर काढा. जुनं टूजी मॉडेम असेल तर जिओचं सिम चालणार नाही, त्यांचं टूजी नाहीच. आणि मॉडेमला साइटच्या बॅटरीवरून सप्लाय द्या, भिंतीतल्या अडॅप्टरवर ठेवलं तर लाईट गेली की सगळ्यात आधी तेच झोपतं (आपल्याकडं उन्हाळ्यात लाईटचं काय सांगावं).

आमच्या एका साइटवर सिम कधी बंद पडलं कोणालाच माहीत नव्हतं. मे महिन्यात बॅटरी पार उतरली आणि आम्हाला कळलं कसं, तर शेजारच्या शेतकऱ्याचा फोन, "सायेब, टावरचा दिवा दुपारपासून बंद हाय." तेव्हापासून प्रत्येक मॉडेम रोज सकाळी ८ वाजता एक एसएमएस पाठवतं, नाही आला की तोच अलार्म धरायचा.

टेस्ट करताना डब्याची लॅन वायर काढू नका. पोर्ट डाऊन होऊन मॉडेम लगेच चालू होतं अन् वाटतं सगळं बरोबर आहे. समोरच्या टोकाचा रेडिओ बंद करून बघा.