बाई घरी येणार आहेत, मुलाला काय शिकवू?

प्रश्न : मुलगा सात वर्षांचा, ताब्याचा दावा सुरू आहे. कोर्टाच्या समुपदेशक बाई आमच्या विश्रामबागच्या घरी येणार आहेत. त्याला उत्तरं शिकवून ठेवू का? – एक आई, सांगली

उत्तर : ताई, मुळीच नको. अशा घरभेटी मी वर्षानुवर्षं केल्या. पढवलेलं पोर दोन वाक्यांत कळतं आणि त्याची घालमेल बघवत नाही. आम्ही बघतो ते वेगळंच. तापात रात्री कोण उठतं? बाबांचा फोन आला की तुमचा चेहरा कसा होतो? (मुलं तो आधी वाचतात.) १८९० च्या पालक व पाल्य कायद्याच्या कलम १७ नुसार मुलाचं हित पाहतात, समज असेल तर त्याची इच्छाही. पण ‘आई हवी की बाबा?’ हे तुम्ही विचारू नका. बाबांनी दिलेली सायकल अंगणातच राहू द्या.