गावाकडच्या पेशंटसाठी घरी नेता येईल असं डायलिसिस मशीन बनवायचं असेल, तर पेशंट आणि घरच्यांच्या कोणत्या गरजा लक्षात घ्याव्यात?

तुम्ही लिहिलंय की पुण्यातल्या तुमच्या गटाने मशीन १५ किलोच्या आत बसवायचं ठरवलंय, आणि वीज-पाण्याचं नंतर बघणार आहात. मी जळगावात डायलिसिस टेक्निशियन आहे. पेशंट चोपडा, यावल, पारोळ्यापासून येतात. त्यांच्याकडे बघून सांगतो, क्रम उलटा करा. मशीन एकदा घरात लागलं की ते रोज कोण उचलणार आहे? उचलावं लागतं ते पाणी.

मिनिटाला ५०० मिली धरलं तर चार तासांच्या एका डायलिसिसला १२० लिटर डायलिसेट (रक्तातली घाण ओढून घेणारं द्रावण) लागतं. तेवढं आरओचं पाणी मिळवायला कच्चं पाणी दुप्पट तरी हवं, आणि हे आठवड्यातून तीनदा. उन्हाळ्यात आमच्याकडे कित्येक गावांत आठ-आठ दिवस नळ येत नाही. जे येतं ते बोअरचं जड पाणी, नाहीतर टाकीतलं, ज्यात टीसीएल (क्लोरीनची ब्लीचिंग) पावडर कधी पडते, कधी राहून जाते, कधी दोन दिवसांची एकदम पडते. क्लोरीन कार्बन फिल्टरमधून निसटून डायलिसेटमध्ये आलं तर रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. सेंटरला आम्ही पेशंट लावायच्या आधी क्लोरीन तपासतो. घरी ही तपासणी राहून गेली तर मशीन सुरूच होऊ नये, अशी व्यवस्था करा.

मे महिन्याचा विचार वेगळा करा. गच्चीवरच्या काळ्या टाकीतलं पाणी दुपारी हाताला चटका देतं. डायलिसेट ३६-३७ अंशांना हवं, ४२ च्या पुढे गेलं तर पेशींना धोका. नेहमीच्या मशीनमध्ये पाणी गरम करायला हीटर असतो, गार करायला काही नसतं. पुण्यात बसून हे सुचणं अवघड आहे, म्हणून मुद्दाम लिहिलं.

पाणी वाचवायचा एक जुना मार्ग आहे: वापरलेलं डायलिसेट सॉर्बेंट कार्ट्रिजमधून, म्हणजे घाण शोषून धरणाऱ्या डब्यातून, फिरवून पुन्हा वापरायचं. १९७० च्या दशकातली ‘रेडी’ यंत्रणा सुमारे ६ लिटरवर चालायची. युरिएज हे एन्झाइम युरियाचा अमोनिया करतं आणि झिर्कोनियम फॉस्फेट तो धरून ठेवतं. कार्ट्रिजची ताकद संपली की अमोनिया सुटायला लागतो, म्हणून तो ओळखणारा सेन्सर लागतोच. अमेरिकेतले डॉक्टर व्हिक्टर गुरा यांची अंगावर घालायची कृत्रिम किडनीही सॉर्बेंटवरच चालते, वजन साधारण ५ किलो. सिएटलमध्ये ७ पेशंटनंतर तिची चाचणी थांबवावी लागली, कारण डायलिसेटमध्ये कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे होत होते आणि प्रवाह कमी-जास्त होत होता. वजन जमलं होतं, अडलं दुसरीकडेच.

आता माणसांकडे येतो. सेंटरला मी काय करतो? मशीन धुतो, ट्यूबिंग लावतो, त्यातली हवा काढतो, सुया टोचतो, बीपी बघतो, अलार्म वाजला की धावतो, शेवटी सगळं काढून कचरा वेगळा करतो. मशीन घरी गेलं म्हणून यातलं एकही काम कमी होत नाही, ती सगळी बायकोच्या नाहीतर सुनेच्या अंगावर जातात. ‘पेशंट स्वतः करेल’ असं कुणी म्हटलं तर चार तास संपल्यावरचा पेशंट एकदा बघून या. बीपी उतरलेलं असतं, पाय लटपटतात, त्याला फक्त आडवं व्हायचं असतं. त्यामुळे तुमच्या आराखड्यात किलोच्या आधी त्या बाईची मिनिटं मोजा, लावायला किती आणि आवरायला किती. ट्यूबिंग आणि डायलायझर (रक्त गाळणारी नळी) एकाच कॅसेटमध्ये बसवून आले तर तिचं निम्मं काम वाचेल.

तिला सगळ्यात जास्त भीती सुईची आणि लाइटची असते. एका आजोबांना घरच्या मशीनबद्दल विचारलं तर म्हणाले, “मशीन घर लई जासूत, पन लाईट गई ते काय करानं?” बरोबर प्रश्न आहे. लाइट जाते तेव्हा साधारण २०० मिली रक्त शरीराबाहेर ट्यूबमध्ये असतं. सेंटरच्या मशीनची बॅटरी ब्लड पंप थोडा वेळ ओढते, हीटर नाही. बॅटरीही संपली तर आम्ही हँडल मारून पंप हाताने फिरवतो. घरी इतकंच करा की रक्त परत आत जाईपर्यंतची बॅटरी मशीनच्या पोटात राखीव राहील, आणि बटण एकच असेल. घरच्या इन्व्हर्टरवर विसंबू नका, तो हीटर पेलत नाही.

सुई निसटणं त्याहून वाईट. मिनिटाला ३०० मिली रक्त फिरत असेल तर पाच मिनिटांत दीड लिटर जातं. अंगात असतं साधारण पाच लिटर. प्रेशरचा अलार्म दर वेळी हे पकडेल याची खात्री नाही, आणि हात गोधडीखाली असेल तर रक्त दिसतही नाही. सुईच्या पट्टीखाली ओल ओळखणारा सेन्सर द्या. अलार्मवर ‘व्हेनस प्रेशर लो’ लिहून काय उपयोग? ‘हात उघडा करून सुई बघा’ असं मशीनने बोलून सांगावं, आमच्या पट्ट्यात अहिराणीत, धडगावकडे पावरी बोलीत.

आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) सून माहेरी जाते. हा मुद्दा हसण्यावारी नेऊ नका. मशीन चालवणारं माणूस घरात एकच असेल तर तिला वर्षभर गाव सोडता येत नाही. पोर्टेबल मशीनने पेशंट मोकळा आणि ती बांधलेली, असा सौदा मला तरी मान्य नाही. म्हणून निदान दोघांना शिकवल्याशिवाय मशीन द्यायचंच नाही, आणि दुसरा शिकलेलं विसरू नये म्हणून महिन्यातून एकदा त्याच्याच हातून चालवून घ्यायचं.

पोटाच्या डायलिसिसची, म्हणजे सीएपीडीची घरं आधी बघून या. त्याला वीज लागत नाही, मशीनही नाही. पण पोटात सोडायच्या द्रावणाच्या रोज २ लिटरच्या चार पिशव्या म्हणजे महिन्याला २४० लिटरचे खोके दोन खोल्यांच्या घरात रचायचे. त्यात धूळ, पाहुणे, शेळी. हात नीट न धुता पिशवी जोडली तर पोटात जंतुसंसर्ग होतो. ती घरं जागेचा आणि स्वच्छतेचा प्रश्न कसा सोडवतात, हे बघणं लॅबमधल्या महिन्याभरापेक्षा उपयोगाचं आहे.

कचऱ्याचं उत्तर माझ्याकडेही नाही. सेंटरला रक्ताळलेल्या ट्यूबा आणि सुया वेगवेगळ्या जमा होतात आणि गाडी येऊन नेते. गावात घंटागाडीत त्या टाकता येत नाहीत, उकिरड्यावर तर नाहीच. नव्या ट्यूबा घेऊन येणाऱ्यानेच जुन्या सीलबंद डब्यात परत न्याव्यात, एवढंच सध्या सुचतं. तुमच्या खर्चाच्या तक्त्यात त्याचा रकाना आत्ताच घाला.

नमुना तयार झाला की तो आधी पेशंटच्या बायकोपुढे ठेवा, संध्याकाळी सातला, चूल पेटलेली असताना. साधं पाणी भरून चालवायला सांगा आणि मध्ये बोलू नका. सेन्सरबद्दल आणखी विचारायचं असेल तर वेगळा प्रश्न टाका, इथे लांबेल.