बोनस नवऱ्याचा, गाडी बायकोची

प्रश्न : माझ्या नावावरची जुनी हॅचबॅक गेल्या महिन्यात विकली. आता 1197 सीसीची नवी गाडी घेतोय, चालवणार आम्ही दोघंही. ती बायकोच्या नावावर घ्यावी असं ठरत होतं. शोरूमने इन्शुरन्सची दोन कोटेशनं दिली : माझ्या नावाने 21,995 रुपये, तिच्या नावाने 31,895. गाडी तीच, पत्ता तोच, कंपनीही तीच. सेल्समन म्हणाला, "लेडीज ड्रायव्हर म्हणून जास्त लावत असतील." तेव्हापासून बायकोने अबोला धरलाय, तोही माझ्याशी! तिचं लायसन्स माझ्याआधीचं आहे आणि स्कूटरसुद्धा मी एकटाच दोनदा पाडलीय. लेस्टरची आमची मुलगी म्हणते, तिथेही जावयाच्या नावाने आणि तिच्या नावाने रक्कम वेगवेगळी येते. हा बायकांवरचा कर आहे का?
– एक वाचक, पातलीपाडा, ठाणे

उत्तर : आधी वहिनींना सांगा, त्यांच्या ड्रायव्हिंगचा इथे काडीचा संबंध नाही. सव्वीस वर्षं नौपाड्यात बसून मी गाड्यांच्या पॉलिसी काढतेय. साध्या पॉलिसीसाठी गाडी बाई चालवणार की बुवा, हे मला एकाही कंपनीने विचारलेलं नाही. आपल्याकडे गाडीचा विमा उतरतो, चालवणाऱ्याचा नाही.

तुम्ही पाठवलेल्या कोटेशनच्या फोटोत खालून चौथी ओळ बघा. बारीक अक्षरात 'एनसीबी' लिहिलंय, म्हणजे नो क्लेम बोनस, क्लेम न केल्याबद्दल मिळणारी सूट. तुमच्या कागदावर त्यापुढे 50 टक्के आहे, वहिनींच्या कागदावर शून्य. सगळी भानगड तिथे आहे. थर्ड पार्टीचा, म्हणजे आपल्या गाडीने दुसऱ्याचं केलेल्या नुकसानीच्या विम्याचा दर सरकार ठरवतं. 1000 ते 1500 सीसीच्या नव्या गाडीला तीन वर्षांचे 10,640 रुपये, मग नाव कुणाचंही असो. ओन डॅमेजचे, म्हणजे आपल्याच गाडीच्या नुकसानीच्या विम्याचे 16,000 रुपये दोन्हीकडे सारखेच धरलेत, पण तुमच्या नावाने त्यातले निम्मे कापले गेले. म्हणजे 8,000 आणि त्यावरचा 18 टक्के जीएसटी मिळून 9,440 रुपये. दोन कोटेशनांतल्या 9,900 च्या फरकातले उरले 460. तो मालक-चालकाचा 15 लाखांचा अपघात विमा. तुमचा स्कूटरच्या पॉलिसीत आधीच आहे, वहिनींचा कुठेच नाही, म्हणून त्यांच्या कागदावर लागला.

नो क्लेम बोनस गाडीला चिकटत नाही, माणसाला चिकटतो. सलग पाच वर्षं क्लेम न करता 20, 25, 35, 45 करत तो 50 वर जातो, आणि गाडी विकली तरी तुमच्याकडेच राहतो. बायकोला मात्र देता येत नाही. घर एक, किचन एक, बोनस वेगळा! मी स्वतः यात पोळलेय. 2009 साली घरच्या गाडीची हौसेने माझ्या नावावर नोंदणी केली, आणि नवऱ्याचा पूर्ण 50 टक्के बोनस कपाटात पडून राहिला. एजंट मी, चेक फाडणारीही मीच. ह्यांनी त्यावरून अजून टोमणे मारायचं सोडलेलं नाही.

या नियमाला अपवाद आहे, पण तो कुणाच्या वाट्याला येऊ नये. चरईतल्या एक काकू आरसी आणि नवऱ्याचा मृत्यूचा दाखला एकाच प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून माझ्याकडे आल्या होत्या. वारसाने गाडी पत्नीच्या नावावर झाली की बोनसही तिच्याकडे येतो. काकू कागद बघत म्हणाल्या, "गेल्यावर दिलंन् बघ काहीतरी."

आता उलटी बाजू. गाडी तुमच्या नावावर घेतलीत आणि घोडबंदरच्या रांगेत वहिनींकडून बंपर ठोकला गेला, तरी क्लेम मिळेल, कारण लायसन्स असलेला कुणीही चालवू शकतो. पण पुढच्या वर्षी शून्यावर येईल तुमचा बोनस. ते टाळायला 'एनसीबी प्रोटेक्ट' मिळतं, त्याचे पैसे वेगळे. त्यामुळे चार-पाच हजारांची खरचट असेल तर क्लेम करण्यापूर्वी बोनसचा हिशेब मांडा.

आणि सेल्समन जर म्हणाला की मॅडमच्या नावाने पण 50 टक्के टाकून देतो, तर हात जोडा. कंपनी मागच्या कंपनीकडे खातरजमा करते. खोटा बोनस नेमका क्लेमच्या वेळी उघडा पडतो, आणि तेव्हा शोरूमवाला फोन उचलत नाही.

मुलीचं प्रकरण निराळं. इंग्लंडमध्ये विमा चालवणाऱ्याकडे बघतो : वय, किती वर्षं लायसन्स, नोकरी, आधीचे क्लेम, दंडाचे पॉइंट. तिथे पूर्वी बाईला स्वस्त पडायचं! युरोपीय न्यायालयाच्या निकालामुळे 21 डिसेंबर 2012 पासून स्त्री-पुरुष म्हणून वेगळा दर लावता येत नाही. बाकीच्या गोष्टींमुळे नवरा-बायकोत फरक पडतोच. फक्त स्वस्त पडतं म्हणून जावयाला मुख्य चालक दाखवून रोज गाडी ती चालवत असेल, तर त्याला तिथे 'फ्रंटिंग' म्हणतात आणि तो गुन्हा धरतात. तिला हे जरूर कळवा.

तुम्ही काय करावं? गाडी वहिनींच्या नावावर घ्यायची असेल तर खुशाल घ्या, 9,900 रुपये जास्त जातील. मात्र जुनी गाडी विकल्याचे कागद दाखवून आधीच्या कंपनीकडून एनसीबीचं पत्र आत्ताच मागून ठेवा. ते तीन वर्षं चालतं. तेवढ्यात तुमच्या नावावर दुसरी गाडी आली तर कामाला येईल.