सटीच्या आधी बाळाला सुई?

गरोदरपणाच्या रक्ततपासणीत हिपॅटायटिस बी निघालं की पहिला प्रश्न ठरलेला असतो: "मला तर कधी कावीळ झालीच नाही, मग हे आलं कुठून?" डिचोली तालुक्यातल्या एका सुनेनंही तोच विचारला. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) पहिलंच बाळंतपण, सातवा महिना चालू. नवरा आणि सासूबाई बाहेर बाकावर.

तिला सांगितलं, हा विषाणू वर्षानुवर्षं यकृतात मुकाट राहू शकतो, डोळे पिवळे व्हायलाच हवेत असं नाही. तुला नेमका केव्हा लागला हे आता कोणी सांगू शकणार नाही. पण जन्मताना आईकडून येणं ही त्याची फार नेहमीची वाट. सरकारी लसीकरणात ही लस 2002 च्या सुमारास मोजक्या ठिकाणी आली आणि देशभर पोचली 2011 मध्ये. तिच्या वयाच्या बहुतेकांना ती मिळालेलीच नाही. यावर तिनं खरा प्रश्न बाहेर काढला. "म्हणजे माझ्या वागण्यावर कोणी बोट ठेवणार नाही ना?"

घरी कोणाला सांगायचं हे मी तिच्यावर सोडलं. नवऱ्याची तपासणी व्हायला हवी, एवढं मात्र आग्रहानं म्हटलं. तीच म्हणाली, "आईंनाही बोलवा. नाहीतर घरी जाऊन सगळं मलाच समजवावं लागेल."

सासूबाई आल्या त्याच सांगत, "बाय, तिचें ताट हांवें वेगळें दवरलां." म्हणजे ताट वेगळं ठेवलंय. शिवाय कावीळ उतरवणाऱ्याकडून वखद, म्हणजे झाडपाल्याचं औषधही आणलं होतं. त्यांना दोष कसा द्यायचा? गावात दिसणारी कावीळ पुष्कळदा दूषित पाण्यातून होणाऱ्या ए किंवा ई विषाणूची, आणि ती बहुतेकांची काही आठवड्यांत आपसूक उतरते. श्रेय वखदाला जातं. बी ची गोष्ट निराळी. तो रक्तातून, शरीरसंबंधातून आणि प्रसूतीच्या वेळी आईकडून बाळाला लागतो. ताटानं, पेल्यानं, मिठी मारल्यानं नाही. ब्लेड, टूथब्रश, नेलकटर मात्र प्रत्येकाचं आपापलं हवं. वखद बंद करायला सांगितलं. गरोदर बाईच्या यकृतावर अनोळखी पाल्याचा भार कशाला?

खरी अडचण पुढेच होती. बाळाला जन्मल्यापासून 24 तासांच्या आत लस द्यायची, म्हटल्यावर सासूबाई ताठ झाल्या. "सटीची पूजा होण्याआधी एवढ्याशा जिवाला सुई? महिन्याभरानं द्या की."

इथं मी घाई करत नाही, कारण सगळं या एका दिवसावर अवलंबून असतं. मोठ्या माणसाला हा विषाणू लागला तर शंभरातल्या पंचाण्णवांहून अधिक जणांचं शरीर तो सहा महिन्यांत हटवतं. जन्मताना लागला तर दहातल्या नऊ मुलांत तो कायमचा राहतो, आणि त्यातल्या काहींना ऐन उमेदीत यकृताचा सिरॉसिस किंवा कर्करोग गाठतो. म्हटलं, "आई, सटवी कपाळावर लिहायला सहाव्या रात्री येते. हा पहिल्याच दिवशी येऊन बसतो." त्या हसल्या नाहीत, पण पुढचं ऐकून घेतलं.

आई बाधित असेल तर एका मांडीत लस आणि दुसऱ्या मांडीत इम्युनोग्लोब्युलिन, शक्यतो 12 तासांच्या आत. लस शरीराला लढायला शिकवते, त्याला वेळ लागतो. तोवर इम्युनोग्लोब्युलिनमधली तयार प्रतिपिंडं, म्हणजे विषाणूला अडवणारे घटक, किल्ला लढवतात. पुढं सहा, दहा आणि चौदा आठवड्यांना पेंटाव्हॅलंट, म्हणजे पाच आजारांवरची एकत्र लस, त्यात हीच लस असते. स्तनपान बिनधास्त.

"मग ज्यांना काहीच नाही त्यांच्या पोरांना कशाला टोचता?" हा प्रश्न नवऱ्याचा, आणि रास्त. कारण तपासणी चुकते, राहून जाते, कागद हरवतो. म्हणून जन्मणाऱ्या प्रत्येक बाळाला. तैवाननं 1984 मध्ये नवजात बाळांचं लसीकरण सुरू केलं आणि पुढच्या पिढीतल्या मुलांमधला यकृताचा कर्करोग उतरणीला लागला. सी प्रकारावर लस नाही, बी वर आहे. ती न वापरणं मला तरी परवडत नाही.

तिला बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजच्या इस्पितळात पाठवलं. रक्तातलं विषाणूचं प्रमाण जास्त निघालं, म्हणून डॉक्टरांनी प्रसूतीपर्यंत टेनोफोव्हिर हे विषाणू दाबणारं औषध सुरू केलं. 2018 पासूनच्या राष्ट्रीय कार्यक्रमात हे उपचार मोफत आहेत. नवऱ्याची तपासणी निगेटिव्ह आली. त्यानं लगेच पहिला डोस घेतला, पुढचे एक आणि सहा महिन्यांनी. सासूबाईंचंही रक्त तपासलं, आणि "माझी पण सुई राहिलीय" म्हणत त्या स्वतःच रांगेत उभ्या राहिल्या.

मुलगी झाली. दोन्ही सुया वेळेत पडल्या, सटीची पूजा तिच्या रात्री झाली. नऊ महिने उलटल्यावर बाळाचं रक्त तपासलं: विषाणू नाही, संरक्षक प्रतिपिंडं भरपूर. आईची स्वतःची तपासणी दर सहा महिन्यांनी चालू राहणार आहे. पुढच्या खेपेला तिच्या भावंडांनाही घेऊन यायला सांगितलंय.